गुडघा बघतो

"मला का वगळलंत, मास्तर?"

"पाय उचल आधी. रेष पुसतीय."

राजवर्धननं पाय उचलला. बुटाखाली मैदानाची मधली रेष होती, नुकतीच फक्कीनं मारलेली, आणि तिचा वीतभर तुकडा बुटाला चिकटला होता. मास्तर वाकले, डब्यातून मूठभर फक्की घेतली आणि तेवढी जागा भरून काढली. वय वर्षं शहात्तर. पोरं दर वेळी म्हणतात, मास्तर, आम्ही मारतो रेषा. मास्तर म्हणतात, तुमची रेष मधेच चहा प्यायला वळते.

"मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं की."

...

मास्तर शेवटच्या रेषेकडं निघाले. राजवर्धन मागोमाग गेला, या खेपेला पाय जपून टाकत.

हिंदूराव पाटोळे मास्तर म्हणजे कोण, हे आमच्या माळेखिंडीत कुणाला सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगतो. हायस्कूलात त्यांनी चौतीस वर्षं पीटी शिकवली, म्हणजे कबड्डी शिकवली. बाकी कवायत वगैरे साहेब तपासणीला आले की व्हायची. शिवाय चाळीस वर्षं जिल्ह्याच्या निवड समितीवर. एसटीनं, सायकलनं, कधी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून ते गावोगावचे सामने बघत हिंडायचे आणि एखाद्या पोराकडं बोट करायचे. ते पोरगं पुढं राज्याकडून खेळायचं. पोलिसात, रेल्वेत, बँकेत त्यांनी बोट केलेले गडी आजही आहेत. ही पारख कशी करता, हे विचारायला बाहेरगावचे कोच यायचे. मास्तर त्यांना चहा पाजून एसटीत बसवून द्यायचे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसायची. मास्तर सामना बघायला भलत्याच जागी बसायचे. मधल्या रेषेसमोर पाहुण्यांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, तिथून सगळं मैदान दिसतं. मास्तर आपली खुर्ची उचलायचे आणि कोपऱ्यात न्यायचे, बाद झालेले गडी बसतात तिथं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला आता लांबचं दिसत नाही. जवळचं काय दिसतंय, ते कुणी विचारलं नाही.

आणि राजवर्धन इंगवले म्हणजे मास्तरांच्या हाताखाली तयार झालेला सगळ्यात देखणा चढाईपटू. पाचवीत असल्यापासून मास्तरांनी त्याला मातीत खेळवला. तो चढाईला निघाला की बायका स्वयंपाक टाकून कठड्याला यायच्या.

वीस वर्षांपूर्वी जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. चाचणी सामन्यात राजवर्धन असा खेळला की पंचसुद्धा शिट्टी तोंडात धरून बघत राहिले. संध्याकाळी फळ्यावर बारा नावं लागली. त्यात राजवर्धन नव्हता. खाली सही होती, हिं. रा. पाटोळे.

त्यानं यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. मग सायकल काढली आणि घरी गेला.

त्यानंतर तो कधी जिल्ह्याकडून खेळला नाही आणि माळेखिंडीच्या मैदानावर त्यानं पाय ठेवला नाही. पण खेळ सुटला नाही. सांगलीच्या एका कॉलेजात तो क्रीडाशिक्षक झाला, कोचिंगचा डिप्लोमा केला, कॉलेजचा संघ दोनदा विद्यापीठात पहिला आणला. आता त्याच्याकडं लॅपटॉप होता आणि त्या लॅपटॉपात प्रत्येक गड्याच्या प्रत्येक चढाईची नोंद होती. माणूस हुशार, हे कबूल. जरा ताठ, हेही कबूल.

यंदा मास्तरांनी समितीतून निवृत्ती घेतली. त्यांच्या जागी या, असं पत्र समितीनं राजवर्धनला पाठवलं. सोमवारी अकराला बैठक. आणि रविवारी सकाळी हा मोटारसायकल घेऊन वीस वर्षांनी आमच्या मैदानावर हजर.

मी हे ऐकीव सांगत नाही. दुपारी आमच्या आणि कामतवाडीच्या चाळिशी ओलांडलेल्यांचा सामना होता, दर वर्षीचा, आणि गुण लिहायला मी बसणार होतो. शाळेत क्लार्क आहे मी. टेबल लावायला सकाळीच आलो होतो आणि टेबल लावायला मी मुद्दाम वेळ लावत होतो.

"उत्तर मिळाल्याशिवाय मी सोमवारी जाणार नाही," राजवर्धन म्हणाला. "ज्याला आपण का नालायक ठरलो हे माहीत नाही, त्यानं दुसऱ्याला कशावरून निवडायचं?"

मास्तर थांबले. कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"हे बरं बोललास," ते म्हणाले. "त्या दिवशी चढाया किती केल्यास?"

"एकवीस."

"गुण?"

"सतरा." त्यानं क्षणाचाही विचार केला नाही.

"बाद किती वेळा?"

"दोनदा. दुसऱ्यांदा पंचांची चूक होती."

"बाद हुतास तवा आत कोण खेळत हुतं?"

...



"बाद होतो म्हणजे बाहेर बसलो होतो. कोण खेळत होतं ते कसं आठवेल? वीस वर्षं झाली."

"खरंय," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा वाकले.

हे काय उत्तर झालं का, असं राजवर्धन म्हणाला. तुम्हाला मी गर्विष्ठ वाटलो असेन तर तसं तोंडावर सांगा, असंही म्हणाला. मास्तर म्हणाले, मी कुठं काय म्हणालो, तूच बोलतोयस. मग माझ्याकडं वळून म्हणाले की खेळाच्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर लाल वही आहे, ती आण. म्हणजे टेबल लावण्याचं माझं नाटक त्यांना कधीच कळलं होतं.

मी वही आणली. चाळीस वर्षांच्या निवडीची ती वही. तिच्यासाठी लोक काहीही द्यायला तयार झाले असते. राजवर्धननं ती दोन्ही हातांनी घेतली, आपल्या लॅपटॉपाला कधी धरत नसेल इतक्या जपून, आणि उघडली. मीही खांद्यावरून डोकावलो.

उंची नाही. वजन नाही. चढाया नाहीत, गुण नाहीत. नुसतं नाव आणि पुढं दोन-तीन शब्द.

हणमंत कुंभार, उभा राहतो.

सलीम, बोटं मोजतो.

गजानन माने, गडी आत गेला की श्वास धरतो.

पानामागून पान हेच. राजवर्धन पानं उलटत गेला, भराभर, आणि वीस वर्षांपूर्वीच्या पानावर थांबला. तिथं त्याचं नाव होतं. पुढं लिहिलं होतं, गुडघा बघतो.

"गुडघा बघतो?"

मास्तर फक्कीच्या डब्याचं झाकण लावत होते.

"मास्तर, गुडघा खरचटला होता माझा. रक्त येत होतं. बघायचा नाही?"

"बघावा की. गुडघा कुणाचा, तुझाच न्हवं?"

मला हसू आवरेना म्हणून मी टेबलाखाली वाकून उगाच पाय हलतोय का ते पाहिलं. राजवर्धन लाल झाला होता. वीस वर्षांचं दुखणं, आणि त्याचं कारण म्हणून हातात आला गुडघा. माझं झालं असतं तर मीही चिडलो असतो. त्यानं वही माझ्या हातात दिली, मास्तरांना वाकून नमस्कार केला, कारण कितीही राग आला तरी तेवढं आमच्याकडं सुटत नाही, आणि तो मोटारसायकलीकडं निघाला.

त्याच वेळी सदूशेठ पळत आले. सदाशिव कोष्टी, किराणा दुकानवाले, आमच्या संघाचे सर्वांत जड गडी. पळत म्हणजे त्यांच्या मानानं पळत. टेलर मुल्लाचाचांचा घोटा मुरगळला, ते खेळू शकत नाहीत, एक गडी कमी पडतोय, असं त्यांनी तीन दमांत सांगितलं.

मास्तरांनी राजवर्धनकडं पाहिलं.

"तुझं वय किती आता?"

"एक्केचाळीस."

"मग बसतंय की."

तो नाही म्हणाला. कपडे नाहीत म्हणाला. वीस वर्षं मातीत उतरलो नाही म्हणाला. मास्तरांनी कसलाच आग्रह केला नाही. ते फक्त एवढंच म्हणाले की उत्तर पाहिजे असेल तर सामना खेळ, नको असेल तर जा, पेट्रोल पंप दुपारी बंद असतो.

...

राजवर्धननं गाडीची किल्ली खिशात टाकली.

चड्डी सदूशेठनी दिली. सदूशेठची कंबर बेचाळीस. दुकानातली सुतळी आणून ती राजवर्धनच्या कमरेला दोन वेढे देऊन बांधली, तरी समोरून पडद्यासारखी हलायची. देखणा चढाईपटू मैदानात उतरला तेव्हा कठड्यावरच्या बायका पुन्हा जमल्या, पण या वेळी तोंडाला पदर लावून.

मास्तरांनी आपली खुर्ची उचलली आणि कोपऱ्यात नेऊन ठेवली.

सामना सुरू झाला आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पहिल्या चढाईत राजवर्धननं एक गडी टिपला, दुसऱ्या चढाईत दोन. कामतवाडीच्या लोकांनी आक्षेप घेतला, हा बाहेरचा आहे म्हणून. मी म्हटलं, जन्मदाखला शाळेत आहे, काढून दाखवू का? ते गप्प बसले. चौथ्या चढाईत मात्र त्यांच्या एका पैलवानानं सुतळी धरली. नियमात सुतळीबद्दल काही नाही. राजवर्धन एका हातानं चड्डी आणि दुसऱ्या हातानं माती धरून आडवा झाला, आणि बाद.

तो येऊन कोपऱ्यात बसला.

आता कबड्डीत बाद झालेल्या गड्याचं असं असतं की त्याच्या हातात काही राहत नाही. आपल्या बाजूनं गुण मिळवला तर बाद झालेल्यांपैकी पहिला उठतो, पुन्हा गुण मिळाला तर दुसरा. तोवर बसायचं. आपण किती मोठे खेळाडू आहोत, याचा तिथं काही उपयोग नसतो.

राजवर्धन बसला आणि त्यानं पाय लांब केला. गुडघ्याला खरचटलं होतं. त्यानं माती झाडली, वाकून नीट पाहिलं, बोटानं दाबून पाहिलं...

आणि तसाच थांबला.

हळूच त्यानं मान वर केली. हातभर अंतरावर मास्तर खुर्चीत बसले होते. मैदानाकडं त्यांची पाठच होती म्हणा ना. ते याच्याकडं बघत होते.

राजवर्धननं दोन्ही हातांनी गुडघा झाकला, चोरी पकडली गेल्यासारखा. मास्तर इतके खुशीत हसले की त्यांची कवळी हलली.

दुसरं काही बघायला उरलं नाही म्हणून त्यानं मैदानाकडं पाहिलं.

तिथं सदूशेठ चढाईला निघाले होते. सदूशेठची चढाई हा आमच्या गावात थट्टेचा विषय. दम जेमतेम आठ-दहा आकडे टिकतो, "कबड्डी कबड्डी" म्हणताना आवाज देवळातल्या जुन्या लाऊडस्पीकरसारखा चिरकतो, आणि गेल्या सहा वर्षांत त्यांच्या हाताला एकही गडी लागलेला नाही. पण आत एकच धडधाकट गडी उरला होता आणि तो दमला होता, म्हणून यांना जावं लागलं. रेष ओलांडण्याआधी सदूशेठनी मागं वळून कोपऱ्याकडं पाहिलं. राजवर्धनकडं. भुवया उंचावून, मान हलवून. थांबा सर, उठवतो तुम्हाला, असं.

मग ते गेले. थरथरत गेले, हवेत हात मारून दम संपायच्या आत परत आले. हाताला काही लागलं नाही. येता येता पुन्हा कोपऱ्याकडं पाहिलं, चूक झाल्यासारखा चेहरा करून.

नंतर राजवर्धननं मला सांगितलं की तो चेहरा बघून तो गुडघा विसरला. एकवीस वर्षांचा होईपर्यंत तो शेकडो वेळा बाद झाला होता आणि शेकडो वेळा परत आत गेला होता. आपल्याला आत आणायला कुणीतरी जातं, हे त्याला अर्थातच माहीत होतं. जाताना ते आपल्याकडं बघत असेल, हे मात्र त्याला एकदाही दिसलं नव्हतं.

मध्यंतरापर्यंत तो बसूनच राहिला. पण पाय पोटाशी घेऊन, पुढं झुकून.

मध्यंतरात मास्तर खुर्चीतून उठले आणि त्याच्या शेजारी मातीत बसले. बसायला वेळ लागला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो आणि तिथंच घुटमळलो.

"शाळेत तू बाद झालास की मी काय वरडायचो, आठवतंय?"

"आठवतंय की. राजाला उठवा."

"व्हय. समदी पोरं जिवाचं रान करायची. तू बूड टेकायच्या आत परत आत." मास्तर मैदानाकडं बघत होते. "दुसऱ्या कुणासाठी वरडलो न्हाई मी तसं. तुझी चढाई बघायची लई हौस मला... तुला बसायला शिकवलंच न्हाई."

राजवर्धन मास्तरांकडं वळला.

"चूक मास्तराची हुती. अन् वगळला पोराला. यादी लावली त्या दिवशी जेवलो न्हाई मी, राजा."

...

वीस वर्षं हा माणूस हेच ऐकायला थांबला होता. आणि ऐकल्यावर त्यानं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतः न पिता मास्तरांपुढं धरला. मास्तर घटाघट प्याले. मग दोघं उगाच त्या कामतवाडीच्या पैलवानाबद्दल बोलत बसले, की त्यानं सुतळी धरायला नको होती.

दुसरा डाव सुरू झाला. राजवर्धन एका गुणावर उठला, आत गेला, दोन गुण आणले, आणि शेवटची चार मिनिटं उरली असताना त्याच पैलवानानं पुन्हा धरला. या खेपेला सुतळीच तुटली. ते सगळं मी इथं सांगत नाही, बायकांनी ते घरोघर सांगितलेलं आहे. चड्डी मुठीत धरून तो कोपऱ्यात आला. आधी जनावरांच्या दवाखान्यातले कदम तिथं बसले होते. म्हणजे पहिला नंबर कदमांचा, दुसरा याचा.

कामतवाडी तेवीस, आम्ही एकवीस.

आता राजवर्धन बसला नाही. एका हातानं चड्डी धरून उभा राहिला. चढाईला कोण चाललंय, ते त्याला आधीच कळायला लागलं होतं. "सदूशेठ, डावीकडचा दमलाय, त्याच्याकडं बघू नका, त्याच्याकडंच जा," असं काहीतरी तो ओरडत होता. कदमांना त्यानं विचारलं, तुम्ही गुरांना इंजेक्शन देताना हात किती झटकन मागं घेता? कदम म्हणाले, लाथ बसायच्या आत. राजवर्धननं हे लगेच ओरडून सदूशेठना सांगितलं.

आणि सदूशेठच्या हाताला गडी लागला.

सहा वर्षांत पहिला. ते मधल्या रेषेवर परत आले आणि आपल्याच हाताकडं बघत राहिले. कदम उठून आत गेले. राजवर्धननं हवेत उडी मारली, चड्डी एका हातानं धरून जेवढी मारता येते तेवढी. तेवीस-बावीस.

कोपऱ्यात तो आता एकटाच होता. मास्तरांना सामना दिसत नव्हता, कारण हा मधे नाचत होता. मास्तरांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

अर्धं मिनिट उरलं. कामतवाडीचा पैलवान चढाईला आला. नुसता वेळ काढून परत गेला असता तरी सामना त्यांचा. पण त्याला वाटलं, जाता जाता या किराणा दुकानदाराला शिवून जावं. तो पुढं आला, आणि सदूशेठ, ज्यांनी जन्मात कुणाचा पाय धरला नव्हता, त्याच्या घोट्यावर साखरेचं पोतं पडावं तसे पडले. उरलेले सगळे त्यांच्यावर पडले.

शिट्टी.

तेवीस-तेवीस.

मैदानावर जो गलका झाला, तो मी शब्दांत लिहू शकत नाही, आणि लिहिण्याची माझी नोकरी आहे. राजवर्धन ओरडत होता. कठड्याकडं धावत जाऊन अनोळखी माणसांना हलवून सांगत होता, बघितलं का, सदूशेठनी धरला, सदूशेठनी. एका आजोबांना त्यानं मिठी मारली. चड्डीचं भान आजोबांनी ठेवलं.

पंचांनी हात वर केला. "माळेखिंड, गडी आत."

कारण गुण मिळाला होता, आणि बाद गड्यांत पहिला नंबर आता राजवर्धनचा होता. उठलेल्या गड्यानं दहा आकड्यांच्या आत मैदानात यायचं असतं. नाही आला तर समोरच्या संघाला एक गुण.

"इंगवले, आत."

तो आजोबांना सदूशेठची पकड करून दाखवत होता.

मी टेबलावरून ओरडलो. कदम ओरडले. सदूशेठना तर ओरडायला दमच उरला नव्हता, ते नुसते हात हलवत होते, आणि राजवर्धनला वाटलं ते आनंदानं हलवतायत, म्हणून त्यानंही हलवला. आकडे मोजणारे पंच सात, आठ, नऊ म्हणत त्याच्याकडं आशेनं बघत होते. मास्तर त्याच्यापासून चार पावलांवर होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मास्तर गप्प बसले.

दहा. पंचांनी कामतवाडीकडं बोट केलं. मी चोवीस लिहिले, माझ्या अक्षरात, माझ्या हातानं. आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली.

यादीत आपलं नाव घेतलं नाही म्हणून ज्या माणसानं वीस वर्षं रागात काढली, त्याचं नाव आख्खं गाव घेत होतं आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

त्याला कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. सदूशेठकडं बघून त्यानं कान धरले. सदूशेठ दम खात म्हणाले, "सर, उठिवला हुता की ओ मी तुमाला..." आणि त्यांना हसू फुटलं. मग कदमांना फुटलं. मग सगळ्या संघालाच. कामतवाडीचा पैलवानसुद्धा मातीत बसून मांडीवर थाप मारत होता. राजवर्धन मधोमध उभा, आधी रडवेला, मग हसायला लागला तो इतका की खाली बसला.

गर्दी पांगायला लागली तसा तो कोपऱ्यात आला. आवाज पार बसला होता. मास्तर खुर्ची उचलून निघाले होते. त्यानं ती त्यांच्या हातातून घेतली.

"मास्तर, माझ्यामुळं सामना गेला."

"व्हय."

"सरळ हातात आलेला."

"व्हय की."

"आणि असल्या माणसाला उद्या निवड समितीत बसवणार तुम्ही?"

मास्तर चालत राहिले... मग थांबले, उपरण्यानं डोळे पुसले, पाणी हसून आलं होतं की कशानं ते मला सांगता येणार नाही.

"चाळीस वरसं सामने बघतोय, राजा," ते म्हणाले. "इतका झकास घालवलेला एक बी बघितला नव्हता."